येमेनची दुपार आणि खातचा पाला

हृदयविकाराचा झटका दिवसाच्या कोणत्याही घटकेला येऊ शकत असला, तरी त्याला वेळेचे एक भान असते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. सकाळी सहापासून मध्यान्हापर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. माणूस निद्रेतून जागा होतो, रक्तदाब चढू लागतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि आधीच अरुंद झालेल्या रोहिणीवर नेमका त्याच वेळी ताण येतो. युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी हेच सांगतात. परंतु येमेनची राजधानी सना येथील हृदयरोगतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांना निराळेच घड्याळ आढळले. त्यांच्याकडे येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या छातीत कळ येण्यास प्रारंभ झाला होता तो दुपारी दोननंतर, आणि हे प्रमाण मध्यरात्रीपर्यंत चढेच राहत होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा उलगडा करण्यासाठी त्या डॉक्टरांना फार दूर जावे लागले नाही. दुपारचे जेवण आटोपून खात चघळावयास बसण्याची येमेनमधील वेळ नेमकी हीच आहे.

खात हा शब्द मराठी कानाला चकविणारा आहे. अरबीतील त्याचा उच्चार 'कात' या शब्दाच्या अधिक जवळ जातो. पण आपल्या विड्यातील काताशी त्याचे नाते ध्वनीपुरतेच. कात हा खैराच्या लाकडाचा अर्क. खात म्हणजे एका सदाहरित झाडाचे कोवळे शेंडे आणि पाने. इथिओपियात त्याला 'चात' म्हणतात, सोमालियात 'काद', तर केनियात 'मिरा'. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते मालकांगोणीच्या कुळातले आहे. बुद्धिवर्धक म्हणून आपल्या वैद्यांनी वाखाणलेली मालकांगोणी आणि जागरणाचा सोबती म्हणून अरबी सूफींच्या मठांत शिरलेले खात एकाच कुळात निघावेत, हा योगायोगच म्हणावयाचा.

या झाडाला शास्त्रीय नाव मिळाले त्याचाही एक धागा मुंबईशी जुळतो. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात पाठविलेल्या मोहिमेतील निसर्गशास्त्रज्ञ पेटर फॉर्सकोल याने खातचे वर्णन लिहून ठेवले, आणि १७६३ च्या जुलैत येमेनमधील येरिम या गावी हिवतापाने त्याचा अंत झाला. त्याचा सहकारी कार्स्टेन नीबुर त्याच वर्षी जहाजाने मुंबईस पोहोचला. मोहिमेतील आणखी दोघे वाटेतच समुद्रात निवर्तले, तिसरा मुंबईत गेला. एकटा उरलेला नीबुर घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने करून मायदेशी परतला आणि १७७५ साली त्याने मृत मित्राची टिपणे छापली. खात युरोपच्या विद्येला ठाऊक झाले ते या टिपणांतून.

येमेनमध्ये खात चघळणे हे चोरून करावयाचे व्यसन नाही. जागतिक बँकेच्या २००७ मधील अहवालानुसार तेथील ७२ टक्के पुरुष आणि ३३ टक्के स्त्रिया खात चघळत असल्याचे सांगत होत्या. सनाच्या जुन्या घरांत सर्वांत वरच्या मजल्यावर, खिडक्यांतून शहर दिसेल अशी, एक बैठकीची खोली असते. तिथे भिंतीला टेकून, उशीवर कोपर ठेवून मंडळी बसतात. एकेक पान निवडून तोंडात टाकावयाचे, चावावयाचे, रस गिळावयाचा आणि चोथा गालात साठवीत राहावयाचे. तीन-चार तासांत शंभर ते दोनशे ग्रॅम पाला असा रिचविला जातो. या साठविण्यालाच अरबीत 'तख्जीन' म्हणतात. आपला 'खजिना' हा शब्द त्याच धातूचा. पहिल्या प्रहरात गप्पांना बहर येतो, कविता म्हटल्या जातात, सोयरिकी जमतात, भांडणे मिटतात, व्यापाराचे सौदे ठरतात. मग बोलणे हळूहळू ओसरते, प्रत्येकजण आपल्याशीच विचारात बुडतो आणि शेवटी उठण्याच्या सुमारास एक प्रकारची उदासी दाटून येते. रात्री झोप लवकर येत नाही, भूक लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

या बैठकीविषयी परदेशी प्रवाशांनी दोनच प्रकारे लिहिले आहे. एकतर तिच्या रम्यतेला भुलून, नाहीतर सारे राष्ट्र आळशी झाल्याचा ठपका ठेवून. दोन्ही प्रकारांत वैद्यकाचा प्रश्न मागे पडतो. या पाल्याने शरीराचे नेमके काय होते, किती होते आणि कोणाचे होते, हा तो प्रश्न.

पाने ताजीच का लागतात

खात चघळणारा माणूस शिळ्या पानाला हात लावीत नाही, हे शेकडो वर्षांचे व्यवहारज्ञान आहे. त्यामागील रसायन मात्र अगदी अलीकडे उमगले. १९३० साली खातमधून कॅथिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले होते. पण त्याची उत्तेजकशक्ती इतकी सौम्य होती, की बैठकीतील उत्साहाचा त्याने उलगडा होईना. शास्त्रज्ञांच्या हाती येणारी पाने प्रवासात सुकलेली असत, हे त्याचे कारण. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मादकद्रव्यविषयक प्रयोगशाळेने ताज्या पाल्यावर काम केले आणि १९७५ मध्ये कॅथिनोन हे खरे द्रव्य सापडले. ते कोवळ्या पानांत सर्वाधिक असते आणि पाने तोडल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचे रूपांतर निर्बल कॅथिनमध्ये होऊ लागते. केनियाच्या मेरू भागातील शेतकरी पहाटे तोडलेल्या जुड्या केळीच्या पानांत गुंडाळतो, गाड्या घाटरस्त्यांवरून जिवावर उदार होऊन धावतात आणि त्याच दिवशी विमान मोगादिशूस उतरते, ही सारी धावपळ त्या एका रेणूच्या अल्पायुष्यासाठी चालते.

कॅथिनोनची घडण अ‍ॅम्फेटामिन या कृत्रिम उत्तेजकाशी अतिशय मिळतीजुळती आहे. जिनिव्हाचे औषधशास्त्रज्ञ पेटर कालिक्स यांनी तर त्याला नैसर्गिक अ‍ॅम्फेटामिनच म्हटले. मेंदूतील आणि मज्जातंतूंच्या टोकांतील डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही द्रव्ये ते बाहेर लोटते. पहिल्यामुळे मन उल्हसित होते; दुसऱ्यामुळे नाडी वेगावते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. यातला बराचसा भाग पोटात जाण्यापूर्वीच गालाच्या अस्तरातून रक्तात उतरतो, आणि चघळणे सुरू केल्यावर सुमारे दोन तासांनी रक्तातील प्रमाण कमाल होते. चघळणे हीच एक प्रकारची आपोआप लागलेली मर्यादा आहे. गोळी क्षणात गिळता येते. शंभर ग्रॅम पाला क्षणात चावता येत नाही.

हा फरक महाराष्ट्राने विशेष ध्यानात घ्यावा. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'एमडी' या नावाने गाजणारे मेफेड्रोन हे याच कॅथिनोनच्या सांगाड्यावर प्रयोगशाळेत रचलेले द्रव्य आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून त्याचा शेकडो किलोंचा साठा पकडला. झाडाच्या पानात जे विरळ, अल्पायुषी आणि चावून मिळवावे लागते, तेच भुकटीच्या रूपात तीव्र, टिकाऊ आणि झटपट होते. एमडीच्या भीतीने सनाच्या बैठकीकडे पाहणे जितके चूक, तितकेच 'अहो, तो तर साधा पाला' म्हणून कॅथिनोनकडे दुर्लक्ष करणेही चूक.

हृदयावरील भार

सनाच्या डॉक्टरांनी घड्याळाचे कोडे सोडवून थांबावयाचे नाही असे ठरविले. २००५ मध्ये त्यांनी हृदयविकाराचा झटका आलेले शंभर रुग्ण आणि वय व लिंग यांत त्यांच्याशी जुळणारे, हृदयविकार नसलेले शंभर जण, असे दोन गट घेऊन तुलना केली. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब इत्यादींचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही खात चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. अतिशय जास्त चघळणाऱ्यांत तर ती ३९ पट निघाली. हा शेवटचा आकडा पाहून दचकण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले पाहिजे, की शंभराच्या गटातून अतिसेवन करणारे वेगळे काढले की हाती मोजकीच माणसे उरतात आणि अशा हिशेबात आकडे फुगतात. दिशा मात्र स्पष्ट आहे: जितका पाला अधिक, तितका धोका अधिक.

त्याहून मोठा पुरावा आखाती देशांतील रुग्णालयांनी मिळून ठेवलेल्या नोंदवहीतून २०११ मध्ये पुढे आला. हृदयाच्या तीव्र विकाराने दाखल झालेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा खात चघळणाऱ्यांचा होता. त्यांच्यात मधुमेहासारखी नेहमीची कारणे इतरांपेक्षा कमी होती. म्हणजे कागदावर पाहता हे रुग्ण अधिक सुदैवी ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांच्यात मृत्यू अधिक झाले, हृदयाची गती बिघडण्याचे आणि पक्षाघाताचे प्रकारही अधिक. ते रुग्णालयात उशिरा पोहोचत होते हेही खरे. छातीत दुखू लागले तरी बैठक मोडून उठावयाचे नाही, पानांनीच बरे वाटेल असे मानावयाचे, ही वृत्ती त्या उशिरामागे कितपत असेल याचा विचार तेथील डॉक्टरांनी केला पाहिजे. आकसलेल्या रोहिणीला आणखी आकसविणारे द्रव्य घेत राहणे म्हणजे काय, हे समजावयास वैद्यकाची पदवी लागत नाही.

बाकीच्या तक्रारी इतक्या नाट्यमय नाहीत, आणि म्हणूनच त्यांची दखल कमी घेतली जाते. खातमध्ये टॅनिन भरपूर, शिवाय त्याने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. तेव्हा बद्धकोष्ठ ठरलेलेच. त्यापाठोपाठ मूळव्याध. लघवीचा प्रवाह क्षीण होतो, हेही प्रयोगाने दिसले आहे. चघळणाऱ्याच्या ज्या गालात चोथा साठतो तिथले अस्तर जाड व पांढुरके पडते, हिरड्या मागे सरतात. हे चट्टे कर्करोगात बदलतात काय, याचे निर्विवाद उत्तर अजून मिळालेले नाही. बैठकीत पाल्यासोबत हुक्का आणि सिगारेट चालत असल्याने कोणाचे पाप कोणाच्या माथी मारावयाचे, हे ठरविणे अवघड जाते.

इथे आपल्या सुपारीची आठवण होणे अपरिहार्य आहे. सुपारी ही तंबाखूविनासुद्धा माणसाला कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००३ मध्ये झालेल्या बैठकीअंती दिला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, पण सुपारी पूजेच्या तबकात आणि पाहुणचारात आहे तशीच आहे. तेव्हा खातच्या बाबतीत येमेनी माणसाला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला फारसा उरत नाही. किंबहुना तोंडाच्या कर्करोगापुरते बोलावयाचे तर आपलाच पदार्थ अधिक घातक असल्याचे सिद्ध झालेले आहे.

स्त्रियांची बैठक निराळी भरते आणि संशोधकांचे लक्ष तिकडे उशिरा गेले. गर्भारपणात खात चघळणाऱ्या येमेनी मातांची बालके वजनाने कमी भरतात, हे १९८० च्या दशकातच दिसून आले होते. आईची भूक मेलेली आणि रक्तवाहिन्या आकसलेल्या. अशा स्थितीत गर्भाला पोषण पुरते पोहोचणार कसे? खातमधील द्रव्य आईच्या दुधातही उतरते. जिथे कुपोषण आधीच घराघरांत आहे, तिथे जन्माच्या वेळचे दोन-चारशे ग्रॅम हा किरकोळ हिशेब नव्हे.

मनावरील परिणामांविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे. अधूनमधून चघळणाऱ्या बहुसंख्य लोकांना निद्रानाश आणि नंतरची उदासी यांपलीकडे काही होत नाही. तलफ लागते, पण अफू किंवा दारू सोडताना होणारे शारीरिक हाल इथे दिसत नाहीत. तथापि अतिसेवन करणाऱ्यांत भ्रम, संशय, कोणी आपल्या मागावर आहे अशी धास्ती, असे उन्मादाचे प्रकार वारंवार नोंदले गेले आहेत. सोमालीलँडमधील हर्गेसा शहरात संशोधकांनी घरोघर फिरून केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मनोविकाराचा आणि लहान वयात सुरू केलेल्या अतिरेकी सेवनाचा संबंध दिसून आला, आणि अशा रुग्णांत युद्धात लढून आलेले पुरुष बरेच होते. घरच्यांनी साखळीने बांधून ठेवलेले रुग्णही तिथे आढळले. ज्याने बंदुकीच्या सोबतीने तरुणपण घालविले त्याचे मन खातने बिघडविले की युद्धाने, असा प्रश्न विचारता येईल. पण जखमी मनाला रात्ररात्र जागे ठेवणारा पाला औषध ठरत नाही, एवढे त्या शहराने पाहिले आहे.

आणखी एक धोका पानात नसून पानावर असतो. खातचे पीक वर्षातून अनेकदा तोडले जाते आणि दर कोवळ्या शेंड्याला येतो, म्हणून येमेनमध्ये त्यावर कीटकनाशके सढळ हाताने मारली जातात. फवारणीनंतर किती दिवस थांबावयाचे याचा धरबंध नसतो. भाजी निदान धुऊन, शिजवून खाल्ली जाते. हे पान तोडले त्या दिवशी, बहुधा न धुताच, तासन् तास गालात राहते. खात चघळणाऱ्यांच्या यकृतदाहाच्या ज्या घटना ब्रिटनमधील डॉक्टरांनी सोमाली रुग्णांत नोंदविल्या, त्यांमागे पान आहे की फवारा, हा प्रश्न अद्याप खुला आहे.

घरखर्चाची आणि पाण्याची बाजूही आरोग्याबाहेरची नाही. येमेनी कुटुंबाच्या मिळकतीचा सुमारे दहावा हिस्सा खातवर जातो, असा जागतिक बँकेचा अंदाज होता. गरिबाघरी हा पैसा कोणत्या ताटातून निघत असेल हे वेगळे सांगावयास नको. शेतीला लागणाऱ्या पाण्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग हे एक पीक पिते, आणि सनाच्या खोऱ्यातील भूजल वर्षानुवर्षे काही मीटरने खाली जात राहिले आहे. पाणी नसेल तिथे स्वच्छता नसते. २०१६ पासून येमेनमध्ये पटकीने जो हाहाकार माजविला त्याचे मुख्य कारण युद्ध हे होते, यात शंका नाही; पण त्या देशाची विहीर युद्धाआधीच आटत आलेली होती. २०१४-१५ पासूनच्या या लढाईत आघाडीच्या दोन्ही बाजूंचे सैनिक खात चघळत आले आणि खातच्या गाड्या नाक्यांवर कर भरून दोहोंकडे जात राहिल्या.

बंदीचे अनुभव

मग बंदी का घालू नये, असा प्रश्न साहजिकच येतो. ती घालून झाली आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

ज्या एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंत फडके यांनी १८८३ साली देह ठेवला, ते एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभाराखाली होते. डोंगरातून उंटांवर लादून येणाऱ्या खातवर कर बसवून सरकार मोकळे होत असे. पुढे स्वतंत्र वसाहत झालेल्या एडनमध्ये १९५७ साली ब्रिटिशांनी खातवर बंदी घातली. लोक सीमेपलीकडील लाहेजच्या मुलखात जाऊन चघळू लागले. महसूल बुडाला, पैसा बाहेर गेला, आणि पुढल्याच वर्षी बंदी उठली. उत्तर येमेनमध्ये १९७२ साली पंतप्रधान मोहसिन अल-ऐनी यांनी खातविरुद्ध मोहीम उघडली. ते पद त्यांच्याकडे फार काळ राहिले नाही. दक्षिण येमेनच्या समाजवादी राजवटीने १९७७ पासून खातला आठवड्याच्या सुटीपुरती मोकळीक ठेवली. हा नियम मात्र बराच पाळला गेला. १९९० मध्ये दोन्ही येमेन एक झाले आणि नियम विरून गेला. सोमालियात सियाद बर्रे यांनी १९८३ साली घातलेली बंदी उत्तरेकडील शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना आपल्याविरुद्धचा राजकीय डाव वाटली. चोरटा व्यापार फोफावला. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे विमाने थांबली, तेव्हाही सोमालियात खातचे भाव भडकले आणि माल आडमार्गाने येतच राहिला. केनियाहून रीतसर आयात पुन्हा सुरू झाली ती २०२२ च्या जुलैत.

ब्रिटनची गोष्ट अधिक बोलकी आहे. तेथील सरकारला मादक द्रव्यांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञमंडळाने २०१३ च्या जानेवारीत खातवर बंदी घालण्याइतका पुरावा नसल्याचे सांगितले. सरकारने सल्ला बाजूस सारला आणि २४ जून २०१४ पासून बंदी आली. तिची मागणी करणाऱ्यांत सोमाली स्त्रियाही होत्या. दिवसभर चघळत बसणारा नवरा आणि एकटीने ओढावा लागणारा संसार, हे त्यांचे गाऱ्हाणे तज्ज्ञांच्या तक्त्यात बसत नव्हते, म्हणून ते खोटे ठरत नाही. इकडे मेरूच्या डोंगरात लंडनच्या विमानासाठी जुड्या बांधणारे हात रिकामे झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने २००६ मध्ये खातचा प्रश्न तपासला आणि त्याचा दुरुपयोग व अवलंबित्व यांचे प्रमाण आंतरराष्ट्रीय नियंत्रण लादण्याइतके गंभीर नाही, असे मत दिले. कॅथिनोन आंतरराष्ट्रीय कराराच्या कठोर यादीत, पण ते ज्यात आहे ते पान यादीबाहेर, अशी ही स्थिती आहे. खातचा पुरस्कार करणारे या निर्णयाचा आधार निर्दोषत्वाच्या दाखल्यासारखा देतात. तो तसा नाही. समितीपुढे प्रश्न होता तो कायद्याचा: हा पाला आंतरराष्ट्रीय करारात घालावा काय? छातीत कळ येऊन गेलेल्या पन्नाशीच्या माणसाने आज दुपारी बैठकीला जावे काय, हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तो विचारावयाचा असतो सनातील, हर्गेसातील, नैरोबीतील डॉक्टरने. आणि त्याचे उत्तर सनाच्या त्या शंभर रुग्णांनी देऊन ठेवले आहे.

मादक द्रव्यांविषयीची आपली चर्चा नेहमी बंदी की मोकळीक या दोनच टोकांत अडकते, आणि त्यांमधला सगळा वैद्यकीय प्रदेश रिकामा राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रक्तदाबाच्या रुग्णाची टिपणे लिहिताना विडी-सिगारेटची चौकशी होते तशी खातचीही झाली पाहिजे. गर्भवतीला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. फवारणीवर देखरेख हवी. यांतल्या एकाही गोष्टीसाठी कोणाला तुरुंगात टाकावे लागत नाही. परंतु यासाठी दवाखाना आणि त्यात डॉक्टर लागतो, आणि येमेनच्या युद्धाने आरोग्ययंत्रणा खिळखिळी करून टाकली आहे. लंडन, ॲमस्टरडॅम किंवा नैरोबीत मात्र ही सबब चालणार नाही.

पिकाचा प्रश्न अधिक कठीण. इथिओपियाच्या हरार भागातील शेतकऱ्याने कॉफी उपटून चात लावला तो चैनीखातर नव्हे. १९८९ मध्ये कॉफीच्या आंतरराष्ट्रीय करारातील निर्यातीचे कोटे कोसळले, भाव पडले, आणि त्याच्या पोराबाळांना ज्या झाडाने जगविले ते झाड तो आता उपदेशाने तोडणार नाही. पण येमेनच्या पश्चिमेकडील हराझच्या डोंगरात उलटी गोष्टही घडली आहे. तिथे बोहरा पंथाची जुनी वस्ती आहे, आणि त्या पंथाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन राहत असत आपल्या मुंबईत. खात सोडा, असा त्यांचा आदेश हराझच्या अनुयायांनी मानला. खातची हजारो झाडे उपटली गेली आणि त्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पुन्हा कॉफी आणि बदाम उभे राहिले. कॉफीला फळ धरावयास तीन-चार वर्षे लागतात. खातचे पैसे दर काही आठवड्यांनी हाती येतात. हराझच्या शेतकऱ्यामागे मधली वर्षे निभावून नेणारी जमात होती. त्याच डोंगररांगेतील इतर गावांतले शेतकरी अजूनही रोज सकाळी कोवळे शेंडे खुडून दुपारच्या आत सनाच्या बाजारात पोहोचवीत असतात.